गोलंदाज पालवणकर बाळू

सुटीच्या दिवशी सकाळी मी फिरावयास निघालो म्हणजे जुना जालना भागातील एका मोकळ्या पटांगणापाशी घटकाभर थांबतो. तेथे मुलांचे क्रिकेट रंगलेले असते. विटांच्या यष्ट्या आणि रबरी चेंडू एवढ्यावरच खेळ उभा असतो, पण उत्साह असा की पाहणाऱ्याचे पाय तेथून निघत नाहीत. एके दिवशी मला असे दिसले की, एक मुलगा सकाळपासून नुसता चेंडू आणून देत होता. खेळपट्टीवरचे खडे त्यानेच वेचले होते, पाणीही त्यानेच शिंपडले होते. ऊन चढले, खेळ मोडला, मुले आपापल्या घरी निघाली. पण त्याच्या हाती बॅट काही आली नाही. मी त्याला विचारले, "बाळा, तुझी पाळी कधी?" तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, बॅट त्यांची आहे ना!"

मुलांनो, त्या मुलाचे उत्तर ऐकून मला सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका थोर खेळाडूची आठवण झाली. त्यानेही खेळाची सुरुवात दुसऱ्यांच्या मैदानावर दुसऱ्यांसाठी राबूनच केली होती. त्याचे नाव पालवणकर बाळू. हिंदुस्थानातील पहिला मोठा गोलंदाज म्हणून जाणकार त्याचा गौरव करतात.

जन्म आणि बालपण

बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातले. पालवण या गावावरून पालवणकर हे आडनाव पडले. हे कुटुंब चर्मकार समाजातले होते. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानीत असत. त्यांच्या हातचे पाणी पिणे तर दूरच, त्यांचा स्पर्शही विटाळ समजला जाई. माणसाने माणसाला असे दूर लोटणे हा केवढा अन्याय होता, हे आज तुम्हांला सांगावयास नको.

बाळू यांचे वडील लष्करात नोकरीला होते. त्यामुळे मुलांचे बालपण पुण्यात, छावणीच्या आसऱ्याने गेले. आपल्या देशात क्रिकेटचा प्रसार झाला तो मुख्यतः बंदरांच्या आणि छावण्यांच्या गावी. एकोणिसाव्या शतकात आपल्या जालन्यालाही इंग्रजांची छावणी होती. अशा छावण्यांतून गोरे अधिकारी फावल्या वेळी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या जुन्या बॅटी आणि झिजलेले चेंडू उचलून पालवणकरांची मुले आपला खेळ मांडीत. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चौघेही भाऊ पुढे नामांकित खेळाडू झाले; त्यांचे पहिले साहित्य हे असे होते.

हौशी आणि धंदेवाईक

बाळू यांची पुढील हकीकत समजण्यासाठी दोन शब्दांचे अर्थ नीट ध्यानी घेतले पाहिजेत. केवळ आवडीखातर, पैसे न घेता खेळतो तो हौशी खेळाडू. खेळावर अथवा खेळाशी संबंधित कामावर ज्याचे पोट चालते तो धंदेवाईक खेळाडू. आज मोठे खेळाडू खेळावर पुष्कळ पैसे मिळवितात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. त्या काळी मात्र उलटे होते. खुद्द इंग्लंडात हौशी खेळाडूंना 'सद्‌गृहस्थ' म्हणत आणि धंदेवाईकांना नुसते 'खेळाडू'. अनेक मैदानांवर दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत, मैदानात उतरण्याची दारेही वेगळी असत. संघाचे नेतृत्व हौशी खेळाडूकडेच जावे, असा रिवाज होता. विसाव्या शतकात इंग्लंडच्या कसोटी संघाचा पहिला धंदेवाईक कर्णधार होण्याचा मान लेन हटन यांना मिळाला, तोही १९५२ साली. हा भेद तेथे १९६२ साली कायमचा रद्द झाला.

इंग्लंडात हा भेद पैशाचा आणि प्रतिष्ठेचा होता. आपल्याकडे त्याला जातीचीही जोड मिळाली होती. बाळू हे दोन्ही भिंतींच्या पलीकडे उभे होते.

चार रुपयांची नोकरी

घरची गरिबी असल्यामुळे बाळू यांना लहान वयातच कामाला लागावे लागले. पुण्यातील एका पारशी क्रिकेट मंडळाच्या मैदानावर त्यांना नोकरी मिळाली. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरविणे हे त्यांचे काम. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार ४ रुपये झाला, पण कामही वाढले. सरावासाठी जाळी लावणे, खेळपट्टीवर चुन्याच्या रेघा मारणे, टेनिसची मैदाने आखणे अशी अनेक कामे त्यांना करावी लागत.

या कामातच त्यांच्या भाग्याचा दरवाजा उघडला. क्लबातील गोऱ्या फलंदाजांना सरावाकरिता कोणीतरी चेंडू टाकणारा हवा असे. ते काम बाळू यांच्याकडे आले. ते डाव्या हाताने, मंद गतीने चेंडू टाकीत. इंग्रज खेळाडूंमध्ये कॅप्टन ग्रेग हा त्या वेळचा उत्तम फलंदाज होता. आपल्याला बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देण्याचे त्याने बाळू यांना कबूल केले होते, असे सांगतात. चार रुपये महिन्याच्या माणसाला आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांची कमाई! तास न् तास ते गोलंदाजी करीत. मात्र हातात बॅट घेण्याची संधी त्यांना कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान आणि गोलंदाजी हे नोकराचे काम, अशी तेथली समजूत होती.

फिरकीचे मर्म

डाव्या हाताच्या फिरकी गोलंदाजाचे मर्म कशात असते? चेंडू सोडताना बोटांनी त्याला पीळ दिला म्हणजे तो स्वतःभोवती गरगर फिरत जातो. जमिनीवर टप्पा पडताच त्याची शिवण मातीला धरते आणि चेंडू आपली वाट बदलतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाला असा चेंडू प्रथम आपल्याकडे येतो असे वाटते. पण टप्पा पडल्यावर तो त्याच्यापासून दूर, बाहेरच्या बाजूस वळतो. फलंदाजाची बॅट फसली की चेंडू कडेला लागून झेल उडतो. मधूनच एखादा चेंडू न वळता सरळ येतो आणि यष्टी उडवितो. कोणता वळेल आणि कोणता सरळ येईल, हे फलंदाजाला कळू न देणे ही खरी कला. चेंडूला उंची किती द्यावी, टप्पा नेमका कोठे टाकावा, गती केव्हा कमी करावी, हे ज्याला साधले तो गोलंदाज भल्याभल्यांना चकवितो.

बाळू यांना हे सारे साधले होते. त्यांना आणखी एक लाभ झाला होता. ज्या मातीवर चेंडू पडतो ती माती त्यांनी आपल्या हातांनी घडविली होती. खेळपट्टी ओली असता चेंडू कसा उठतो, कोरडी पडून तिला भेगा गेल्या म्हणजे तो कसा वळतो, रूळ अधिक फिरविला म्हणजे ती कशी टणक आणि निर्जीव होते, हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते. नोकरीचे कष्ट म्हणून जे काम त्यांच्या वाट्याला आले, तेच त्यांचे शिक्षण झाले.

एकाच चेंडूला सर्वांचे हात

पुण्यातील हिंदू खेळाडूंना पूना क्लबच्या गोऱ्या संघाला हरवावयाचे होते. त्यासाठी बाळूंसारखा गोलंदाज हवा, हे सर्वांना दिसत होते. परंतु त्यांना संघात घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला. काहींनी विरोध केला, काही बाजूने उभे राहिले. अखेर बाळू संघात आले आणि संघ जिंकू लागला.

मुलांनो, येथे एक विलक्षण गोष्ट पाहा. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षक झेलीत असे आणि दुसरे खेळाडू अडवीत असत. एकाच चेंडूला सर्वांचे हात लागत. तेथे कोणाला विटाळ होत नसे. पण चहाची वेळ झाली की सारे बदले. इतर खेळाडू मंडपात बसून चिनी मातीच्या कपांतून चहा घेत. बाळूंना मात्र मंडपाबाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागाही वेगळी. ज्या हातांनी सामना जिंकून दिला, त्याच हातांचा स्पर्श जेवणाच्या वेळी नकोसा होई!

साताऱ्याच्या गोऱ्या संघाविरुद्ध सामना ठरला तेव्हाची हकीकत प्रसिद्ध आहे. बाळूंच्या फिरकीची कीर्ती तेथे आधीच पोचली होती. चेंडू वळूच नये म्हणून खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवून ती टणक करण्यात आली, असे म्हणतात. पण ज्याचे आयुष्य रूळ फिरविण्यात गेले त्याला अशा युक्तीचे काय भय? बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुण्याचा संघ विजयी झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या थोर पुरुषांनी त्यांचा जाहीर गौरव केला. ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता त्याच्याबरोबर बसून खाण्यापिण्यास हरकत का असावी, असा प्रश्न रानडे यांनी लोकांपुढे ठेवल्याचे सांगतात.

मुंबईचा विजय आणि इंग्लंडचा दौरा

१८९६ साली प्लेगची साथ आली. पुढे बाळू मुंबईस आले. तेथे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघातून ते खेळू लागले. पुण्यापेक्षा मुंबईची हवा थोडी मोकळी होती. खाण्यापिण्याची बंधने तेथे पुष्कळ सैल झाली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदू संघ १०९ धावांनी विजयी झाला. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविता येते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. धाकटे बंधू शिवराम हेही त्या संघात होते.

१९११ साली पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. त्यात हिंदू, पारशी, मुसलमान आणि शीख असे सर्व धर्मांचे खेळाडू होते. संघाला नवख्या हवेत आणि परक्या खेळपट्ट्यांवर खेळावे लागले. जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामनेच अधिक झाले. परंतु बाळू एकटे तळपले. खांदा दुखत असतानाही त्यांनी साऱ्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. लेस्टरशायर संघाविरुद्धच्या विजयात त्यांनी ११ बळी मिळविले. इंग्लंडातील जाणत्या लोकांनी त्यांची वाखाणणी केली. ते परत आले तेव्हा मुंबईत त्यांचा सत्कार झाला. दलित समाजातील तरुणांना तर ते आपले वीरपुरुष वाटत. तरुण भीमराव आंबेडकर यांनाही त्यांचा मोठा अभिमान होता.

कर्णधारपदाचा प्रश्न

मुंबईतील स्पर्धेत १९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू असे तीन संघ खेळत. १९१२ पासून मुसलमानांचा चौथा संघ आला. या चौरंगी सामन्यांसाठी गावोगावचे लोक मुंबईस येत. हिंदू संघात बाळू हे सर्वांत अनुभवी होते. कर्णधारपद त्यांनाच मिळावे, असे अनेकांना वाटे. पण वर्षामागून वर्षे गेली, ते पद त्यांच्या वाट्याला आले नाही. कारण गुणांत कमतरता नव्हती; कारण केवळ जन्माचे होते.

१९२० साली ही गोष्ट विकोपास गेली. बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि नेतृत्वही पुन्हा दुसऱ्याकडेच गेले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. त्यांनी आपले म्हणणे लोकांपुढे मांडले आणि न्याय मागितला. अनेक लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले. शेवटी अंतिम सामन्यासाठी तिघेही परतले. बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. कर्णधार पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि त्या वेळी संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. मान मिळाला तो असा, थोड्या वेळापुरता.

परंतु बाळूंनी घडविलेली वाट पुढे रुंद झाली. १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल हे हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षीची स्पर्धा त्यांच्या संघाने जिंकली. थोरल्या भावाला जे नाकारले गेले, ते धाकट्याने मिळविले.

समुद्रापलीकडचा एक भाऊबंद

हा अन्याय केवळ आपल्याच देशात होता असे नाही. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ फार लोकप्रिय आहे. आपल्या क्रिकेटप्रमाणे त्यातही चेंडू टाकणारा आणि तो फटकावणारा असतो. धावणाऱ्या खेळाडूला चार ठाणी ओलांडावी लागतात. या ठाण्यांजवळ उभे राहून चेंडू अडविणाऱ्यांस फार चपळ असावे लागते. बड फाउलर हा कृष्णवर्णीय खेळाडू दुसऱ्या ठाण्याचा असाच नामांकित रक्षक होता. त्याचा जन्म १८५८ साली झाला आणि १८७८ पासून तो पैसे घेऊन खेळू लागला. त्याचे वडील न्हावी होते. उदरनिर्वाहासाठी त्यालाही तेच काम अधूनमधून करावे लागे. खेळात तो कोणाला हार जात नसे, तरी रंगामुळे एका संघातून दुसऱ्या संघात त्याला भटकत राहावे लागले. १८८७ साली त्याच्या संघटनेतील संघांनी नव्या कृष्णवर्णीय खेळाडूंशी करार न करण्याचे ठरविले. १९१३ साली तो वारला तेव्हा त्याच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. तो बसविण्यात आला १९८७ साली. अमेरिकेच्या बेसबॉल गौरवमंदिरात त्याचे नाव कोरले गेले ते २०२२ साली! एकाची आडकाठी रंगाची, दुसऱ्याची जातीची. दुःख मात्र एकच.

अखेरचे दिवस

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळूंनी सार्वजनिक कार्यात भाग घेतला. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी दलितांचे एक प्रतिनिधी म्हणून ते उपस्थित होते. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. दोघांचे मार्ग निराळे झाले, तरी समाजावरील कलंक पुसला जावा ही तळमळ दोघांच्याही ठायी होती.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १७९ गडी बाद केले. आपल्या देशाचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला. तोपर्यंत त्यांचा खेळण्याचा काळ संपला होता. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यापूर्वीच, १९५० साली अमलात आलेल्या आपल्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली होती. मातीच्या भांड्यातून एकट्याने चहा पिणाऱ्या त्या खेळाडूने हा दिवस आपल्या डोळ्यांनी पाहिला.

आपल्या जालन्याच्या विजय झोल याने २०१४ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारतीय संघाचे नेतृत्व केले. लहान गावातील मुलालाही असा मान मिळू शकतो, हे आज आपल्याला नवल वाटत नाही. पण ही वाट आपोआप झालेली नाही. ती सपाट करण्यासाठी कोणीतरी आधी रूळ फिरविला आहे.

मुलांनो, त्या पटांगणावरचा मुलगा मला पुढच्या सुटीत पुन्हा दिसला. या खेपेस मी खेळ सुरू होण्यापूर्वीच गेलो आणि सर्वांना जवळ बसवून बाळूंची ही गोष्ट सांगितली. गोष्ट संपली तेव्हा कोणी काही बोलले नाही. मग बॅटचा मालक उठला आणि त्याने ती बॅट मुकाट्याने त्या मुलाच्या हाती दिली. तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला. पण सारे हसले आणि तोही हसला. पाळी त्याची होती, ती त्याला मिळाली होती.

स्वाध्याय

१. हौशी खेळाडू आणि धंदेवाईक खेळाडू यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.

२. मैदानावरील नोकरीचा बाळूंना गोलंदाजीत कसा उपयोग झाला?

३. 'एकाच चेंडूला सर्वांचे हात लागत' या वाक्यातून लेखकाला काय सुचवावयाचे आहे?

४. शिवराम आणि विठ्ठल यांनी १९२० साली संघातून माघार का घेतली? त्यांचे करणे तुम्हांला योग्य वाटते काय? कारणे द्या.

५. बाळू आणि बड फाउलर यांच्या जीवनातील साम्य व भेद लिहा.

६. तुमच्या खेळात कोणाला पाळी मिळत नाही काय? याविषयी दहा ओळी लिहा.